‘थंड रक्ता’चे घोडे : कोणी पाळलेत, हाकलेत, निदान जवळून पाहिलेत का?

टांगेवाल्याचा नातू

मिरज स्टेशनासमोर माझ्या आजोबांचा टांगा उभा असायचा. नवीन घोडी घ्यायला गेले की आजोबा आधी दात बघायचे, मग खूर, आणि मालकाशी इकडचं तिकडचं बोलता बोलता मध्येच तिच्या तोंडासमोर फाडकन छत्री उघडायचे. दचकून एक पाऊल मागं सरली तर चालेल. उधळली तर सौदा तिथंच संपला. "इंजिनानं शिट्टी दिली की ही बाई सवारीसकट थेट मीरासाहेबांच्या दर्ग्यात जायची," असं म्हणत छत्री मिटून चालायला लागायचे.

घोड्यांबद्दलची माझी विद्या एवढीच. गेली सहा वर्षं नोकरीनिमित्त नॉर्वेत ऑलेसुंडला आहे, जहाजांचे आराखडे काढतो. घोड्यांशी पुन्हा गाठ पडली ती मुलीमुळे. ती आठवड्यातून दोनदा घोडा शिकायला जाते आणि मी हातमोज्यांत हात घालून कुंपणाला टेकून उभा असतो.

पहिल्याच दिवशी तिला एका घोडीवर बसवलं. आठ वर्षांची पोर, कधी गाढवावरही न बसलेली. दोन फेऱ्या झाल्या असतील, तेवढ्यात तबेल्याच्या पत्र्यावरचा बर्फाचा अख्खा थर घसरून धाडकन खाली आला. माझ्या पोटात गोळा. घोडीनं एक कान तिकडे वळवला, क्षणभर थांबली, पाठीवरचं ओझं जागेवर आहे ना याचा अंदाज घेतल्यासारखं केलं आणि पुन्हा चालायला लागली. मला आजोबांची छत्रीच आठवली.

ही घोडी फ्योर्ड जातीची. उंचीला आपल्या टांग्याच्या घोड्याएवढीच, साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर, पण छाती, मान आणि मांड्या बघाल तर दीडपट. रंग जवळजवळ सगळ्यांचा एकाच कुळातला, आपण ज्याला समंद म्हणतो तसा. त्याच्या पाच छटा इथं मोजतात आणि त्यांना जुनी नावं आहेत : ब्रुनब्लाक, रोदब्लाक, उल्सब्लाक, गुलब्लाक आणि ग्रो. दहातली नऊ घोडी ब्रुनब्लाक, म्हणजे तपकिरीकडे झुकणारी. पायांवर पुसट पट्टे. पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ जाते, तिला हे लोक ‘ओल’ म्हणतात. ओल म्हणजे ईल मासा, आपली वाम. तीच रेघ आयाळीच्या मधोमध वर येते. आयाळ बाहेरून पांढरी आणि आत काळी पट्टी. म्हणून ती अर्धचंद्रासारखी उभी कापतात आणि बाहेरचे पांढरे केस काळ्यापेक्षा किंचित आखूड ठेवतात, काळी रेघ उठून दिसावी म्हणून. दर काही आठवड्यांनी हे कातरकाम करावं लागतं. मुलगी शिकलीय. तिनं पहिल्यांदा कापली तेव्हा ती घोडी महिनाभर पालखीतल्या भालदाराच्या तुऱ्यासारखी दिसत होती.

या आणि अशा जातींना इथं ‘थंड रक्ताचे’ म्हणतात. याचा रक्ताच्या तापमानाशी काहीही संबंध नाही. तापमापक लावलात तर अरबी घोडा आणि हा घोडा, दोघंही ३८ अंश सेल्सियसच्या आसपास. थंड आहे तो स्वभाव. अरबी आणि थरोब्रेड (रेसकोर्सवर पळणारे) गरम रक्ताचे, ओझं ओढणारे देशी घोडे थंड रक्ताचे, आणि मधले ते कोमट, असा हा हिशेब.

मागच्या मे महिन्याच्या सुरुवातीला एक फेरीबोट आणि बरेच बोगदे ओलांडून नूरफ्योर्डैद नावाच्या गावी गेलो. फ्योर्ड घोड्यांचं माहेर. तिथं दरवर्षी वळू घोड्यांचं प्रदर्शन भरतं. प्रदर्शन म्हटल्यावर मी बँडबाजा, नाचणारा घोडा, मागच्या पायांवर उभं राहणं वगैरे मनात धरून गेलो होतो. तसलं काही नाही. एकेक घोडा येतो. परीक्षक त्याला समोरून, बाजूनं, मागून बघतात, चालवतात, दुडकी धाववतात, पाय आणि खूर निरखतात. घोडा उभा. शेजारी दुसरा वळू खिंकाळतोय, पोरं आइस्क्रीम खात कुंपणावर चढलीत, आणि हा उभा.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं इतिहास सांगितला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्योर्ड घोडा जास्त वजनदार व्हावा म्हणून त्यात शेजारच्या दोले जातीचं रक्त मिसळलं. पहिली पिढी बरी निघाली, पुढच्या पिढ्यांत रंग गेला आणि स्वभावही बिघडला. १९०७ च्या सुमारास पैदासकारांनी ठरवलं की मिसळलेली सगळी रेषा बाजूला काढायची आणि शुद्ध वाणाकडे परत जायचं. आजचा प्रत्येक फ्योर्ड घोडा १८९१ साली जन्मलेल्या न्योल नावाच्या एकाच वळूपर्यंत पोचतो. नोंदवहीत तो न्योल १६६. वजन मिळत असताना स्वभावासाठी ते सोडून देणारे पैदासकार मी तरी पहिल्यांदाच ऐकले.

तर धागा यासाठी की इथं स्वीडन, डेन्मार्क, फिनलंडात राहणारे बरेच जण आहेत. तुमच्याकडच्या घोड्यांबद्दल लिहा. आणि घोड्यांतलं खरंखुरं कळणाऱ्यांनी माझं कुठं चुकत असेल तर कान धरा.

सोनकी

मिरजेच्या टांग्यात मी बसलेय! स्टेशन ते किल्ला भाग. तो तुमच्या आजोबांचा असेल तर माझे आठ आणे राहिलेत देणं.

लिहिलंय छान. फोटो टाका, विशेषतः भालदाराच्या तुऱ्याचा.

उत्तरायण

दादा, धागा काढलात ते बरं केलंत. मी स्वीडनमध्ये ओस्टेरसुंडला असतो, येम्टलंडात. इथं ‘कोणती गाडी आहे तुझ्याकडे’ च्या आधी ‘तुझ्या सासऱ्याकडे कोणता घोडा होता’ विचारणारी पिढी अजून शिल्लक आहे.

आमच्याकडचा घोडा म्हणजे नूर्दस्वेन्स्क, उत्तर स्वीडनचा कामाचा घोडा. फ्योर्डपेक्षा उंच आणि भारी, पण बेल्जियमच्या डोंगराएवढ्या घोड्यांसारखा अवजड नाही. जवळच वोंगेन नावाचं ठिकाण आहे. १९०३ मध्ये तिथं या जातीचे वळू वाढवण्याचं, पारखण्याचं काम सुरू झालं. आणि पारख दिसण्यावर संपत नाही. घोड्याला साज चढवून ओंडके ओढायला लावतात.

मी एकदा ही परीक्षा पाहिली. मला वाटलं होतं की जास्त वजन ओढेल तो पहिला. शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी समजावलं की वजन बघूच नकोस, ओंडका हलत नाही तेव्हा घोडा काय करतो ते बघ. गरम डोक्याचा घोडा हिसका देतो. नाही हललं की आणखी जोरात हिसका, मग मागे सरतो, मग साखळीत पाय. थंड घोडा आधी साजावर हळूहळू अंग टाकतो. नाही हललं तर थांबतो. हाकणारा ओंडका जरा कलता करतो, पुन्हा सांगतो, आणि घोडा पुन्हा तेवढ्याच शांतपणे अंग टाकतो. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. जणू पहिल्या वेळेचा अपमान त्याच्या लक्षातच नाही.

जंगलात हाच गुण पोटापाण्याचा. माणूस साखळी अडकवेपर्यंत गुडघाभर बर्फात गप्प उभं राहायचं, सांगितलं की निघायचं, झाडांच्या मधून ओंडका न अडकवता वळायचं. विरळणीच्या कामाला अजूनही कुठं कुठं घोडा लावतात, कारण यंत्राला रुंद वाट लागते आणि जमिनीखालची मुळं दबतात.

पण दादा, तुमचं एक वाक्य वाचून इथली मंडळी हसतील. थंड रक्ताचा म्हणजे फक्त ओझ्याचा नव्हे! आमच्याकडे थंड रक्ताचे शर्यतीचे घोडे आहेत. नूर्दस्वेन्स्क आणि नॉर्वेचा हलका दोले, यांच्यातून निघालेली वेगळी जात. दुचाकी हलक्या गाडीला जुंपून दुडक्या चालीत पळवायचं. चौखूर उधळला की मुकला. या जातीचा देव म्हणजे यार्व्सोफाक्स. जन्म १९९४. हाकणारा आणि शिकवणारा यान-ऊलोव्ह पेर्शोन. २३४ शर्यती, त्यातल्या २०१ जिंकल्या. पुन्हा वाचा, २०१. इथं किलोमीटरला लागलेला वेळ सांगतात. त्याचा विक्रम १ मिनिट १७.९ सेकंद.

गणित कच्चं

७७.९ सेकंदांत १००० मीटर म्हणजे ताशी ४६ किलोमीटरच्या वर. दुडक्या चालीत. मागे गाडी आणि माणूस घेऊन. आणि हा ‘थंड’.

मी कात्रज ते स्वारगेट याहून हळू जातो हे इथंच नोंदवून ठेवतो.

सोनकी

उत्तरायण, ‘फाक्स’ म्हणजे काय? आडनाव आहे का?

उत्तरायण

फाक्स म्हणजे आयाळ. यार्व्सो हे गाव. ‘यार्व्सोचा आयाळवाला’ म्हणा. इकडे घोड्याला हे शेपूट लावायची रीत फार जुनी. नॉर्डिक पुराणात दिवसाचा रथ ओढणारा घोडा स्किनफाक्सी, म्हणजे झळाळत्या आयाळीचा. रात्रीचा ह्रिमफाक्सी, म्हणजे दंव पडलेल्या आयाळीचा.

पशुवैद्यबाई

टांगेवाल्याचा नातू, तापमानाचं लिहिलंत ते बरोबर. फक्त ‘स्वभाव थंड’ म्हणताना एक काळजी घ्यावी. शांत घोडा दुखणं लपवतो. गरम रक्ताचा घोडा पोट दुखलं की लोळून, लाथा झाडून गाव गोळा करतो. थंड रक्ताचे मात्र कोपऱ्यात जाऊन चाऱ्याकडे पाठ करून उभे राहतात, आणि मालक म्हणतो, "शांतच आहे की." घोडा कौतुकास्पद आहेच. मालकानं जास्त डोळस असायला हवं.

दुसरं म्हणजे खाणं. या जाती निकस गवतावर, लांब हिवाळ्यात तगून आल्यात. त्यांना हिरवंगार कुरण मोकळं दिलंत तर सुटतात. फ्योर्डमध्ये लठ्ठपणा आणि त्यामागून येणारा खुरांचा दाह हे नेहमीचं दुखणं. खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येते, घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो. उशीर झाला तर खुरातलं हाड फिरतं. पोरी प्रेमानं सफरचंदं आणि गाजरं चारत असतील तर मुलीला जरा आवरा.

आता मजेचा भाग. मी पशुवैद्य असले तरी मला या घोड्यांची ओढ लागली ती जनुकांमुळे. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांच्या गटानं एका जनुकातला बदल शोधला, नाव डीएमआरटी-३. मज्जारज्जूतल्या ज्या पेशी पायांचा ताल सांभाळतात त्यांच्याशी त्याचा संबंध. एका अक्षराचा फरक, पण त्यामुळे घोडा वेग वाढला तरी चौखूर न जाता दुडकीत किंवा बाजूच्या दोन पायांच्या चालीत राहू शकतो. आइसलंडच्या घोड्याची ती प्रसिद्ध ‘टोल्ट’ चाल, जिच्यात स्वाराच्या हातातला पेला हिंदकळत नाही म्हणतात, तिच्या मुळाशी हाच बदल. मारवाडी घोड्यांची रेवाळ चाल पाहिली असेल त्यांना अंदाज येईल. शर्यतीच्या दुडक्या घोड्यांत हा बदल फार मोठ्या प्रमाणात सापडतो. उत्तरायण सांगतायत त्या थंड रक्ताच्या दुडक्यांत मात्र काहींत आहे, काहींत नाही. अभ्यासायला त्यामुळेच सोन्यासारखी जात.

आणि तुमची ती वामेची रेघ! तिचाही उलगडा उप्सालाच्याच शास्त्रज्ञांनी मिळून केला, २०१५ च्या शेवटी छापून आला. टीबीएक्स-३ नावाचं जनुक. समंद घोड्याचा केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर रंग एका बाजूलाच साचलेला दिसतो, दुसरी बाजू रिकामी. म्हणून अंग फिकं दिसतं. पाठीवरच्या रेघेत मात्र रंग केसभर पसरलेला, म्हणून ती काळी. रानटी घोड्यांचा मूळ रंग हाच. माणसानं पाळल्यावर बाकीचे रंग वाढले, आणि फ्योर्डवाल्यांनी जुना रंग हट्टानं धरून ठेवला.

अनुस्वार

बाई, दंडवत. हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा.

अवांतर : मग फ्योर्ड म्हणजे मंगोलियाचे ते रानटी घोडे का? दिसायला अगदी तसेच.

पशुवैद्यबाई

नाही. प्रझेवाल्स्कीच्या घोड्याची गुणसूत्रं ६६, फ्योर्डसकट सगळ्या पाळीव घोड्यांची ६४. रंग सारखा, घराणं वेगळं.

कोपनहेगनकाकू

डेन्मार्कची बाजू कोणी मांडेना म्हणून लिहिते. आमचा घोडा जुटलंडचा. फ्योर्डच्या शेजारी उभा केलात तर तो हत्ती वाटेल. वजन सातशे-आठशे किलोपर्यंत, पायांवर झुपकेदार केस, रंग बहुतेक गडद बदामी आणि आयाळ-शेपूट सोनेरी. जातीत मोठा बदल घडवणारा वळू इंग्लंडचा. ओपेनहाइमर नावाच्या व्यापाऱ्यानं १८६२ मध्ये आणलेला, म्हणून नाव ओपेनहाइम. त्याच्याच वंशातला मुंकेदाल. आजचे जुटलंड घोडे या कुळातले.

इथं शहरातल्या लोकांना जुटलंड घोडा माहीत आहे तो शेतामुळे नाही, बियरमुळे. कार्ल्सबर्ग कंपनीनं १९२८ पासून पिंपांच्या गाड्या ओढायला हे घोडे ठेवले. एके काळी तबेल्यात दोनशेच्या वर होते. दारूची गाडी आणि इतका सोज्वळ चेहरा! आमच्या ह्यांना हे फार पटतं.

पण मला सांगायचं होतं ते वेगळंच. स्किनफाक्सीचं वाचून राहवलं नाही. इथल्या राष्ट्रीय संग्रहालयात ट्रुंडहोल्मचा सूर्यरथ आहे. १९०२ मध्ये दलदलीत नांगरताना सापडला. काशाचा छोटा घोडा, त्याच्या मागे सोन्याचा पत्रा चढवलेली सूर्याची तबकडी, आणि दोघंही चाकांवर. इसवी सनापूर्वी साधारण १४०० चा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा रथसप्तमी जवळ आली होती. घरी पाटावर रांगोळीनं रथ काढताना सात घोड्यांना जागा पुरत नाही म्हणून आई दरवर्षी चिडायची. डॅनिश लोकांनी एकाच घोड्यात भागवलंय.

शुद्ध भूगोल

काकू, तुमचा प्रतिसाद आवडला. मात्र धाग्यात फिनलंडचा उल्लेख आहे. फिनलंड स्कँडिनेव्हियात येत नाही. आइसलंडही नाही. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क एवढेच. बाकी सगळ्यांना मिळून नॉर्डिक म्हणावे.

सुओमीची सून

आले मी, नॉर्डिक तर नॉर्डिक. सासर टाम्पेरेजवळ.

तुमच्याकडे प्रत्येक कामाला एक जात. इथं सगळ्या कामांना एकच, फिनिश घोडा. नोंदवही १९०७ पासूनची. १९७१ पासून त्याच वहीचे चार भाग : दुडकी शर्यतीचा, ओझ्याचा, स्वारीचा आणि पोनी. चौघं सख्खे भाऊच, धंदे वेगळे. दहातले नऊ बदामी.

सासऱ्यांचे वडील लढाईची गोष्ट सांगायचे. १९३९ च्या हिवाळ्यात रशियाशी युद्ध झालं तेव्हा सरकारनं शेताशेतांतून घोडे नेले. तोफा, जखमी, धान्य, सगळं बर्फातून घोड्यांवर. यांचाही घोडा गेला. चारा भरून ठेवलेला तसाच राहिला. तो परत आला. कसा दिसत होता ते ते सांगत नसत. फक्त म्हणायचे की फाटकाशी येऊन थांबला आणि आपणहून आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. पुढं ट्रॅक्टर आले आणि ज्या घोड्यांनी देश ओढला ते भराभर कमी झाले. शर्यतींनीच मग जात वाचवली असं इथं सगळे म्हणतात.

भीमथडीचं तट्टू

सगळं वाचलं. आवडलं. आता जरा कडू बोलतो.

मी दौंडकडचा. आमच्या भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांनी अटकेपर्यंत मजल मारली, हे भाषणात ऐकायला मिळतं. स्थानिक घोडी आणि अरबी-तुर्की वळू यांच्यातून घडलेलं तट्टू. लहान चण, मूठभर दाणा, डोंगर चढणार, दिवसभर चालणार. इंग्रजांच्या काळात ते मोडीत निघालं. वाण म्हणून अधिकृत नोंद झाली ती अगदी हल्ली. इतकी वर्षं मेंढपाळांनी पाठीवर बिऱ्हाड लादून ते सांभाळलं, नाहीतर नोंद करायला उरलंच नसतं काही. आणि नॉर्वेत १९०७ मध्ये लोक बसून ठरवतात की वाण शुद्ध ठेवू.

सारंगखेड्याच्या यात्रेला मी दरवर्षी जातो. तापीकाठी दत्तजयंतीला घोड्यांचा महापूर. पण गर्दी कुणाभोवती? उंच, पांढरा नुकरा, नाचणारा, लाखालाखाची बोली. शांत उभ्या तट्टाला कुणी विचारत नाही. विकणारेच सांगतात, "जरा तापट आहे, साहेब," आणि ते कौतुक असतं.

प्रश्न : हे फ्योर्ड आपल्याकडे आणून भीमथडीवर घातले तर?

पशुवैद्यबाई

तट्टूदादा, अजिबात नको. तुमचं दुःख कळतं, पण औषध चुकीचं. हिवाळ्यात फ्योर्डची लव बोटभर वाढते. मे महिन्यातल्या दौंडला तो उभ्या उभ्या शिजेल. आइसलंडचे घोडे तर युरोपात खाली नेले तरी बारीक चिलटांच्या चाव्यानं त्यांना खाज सुटते आणि आयाळ-शेपटी घासून घासून जखमा करून घेतात, कारण आइसलंडात ती चिलटं नव्हतीच. आपल्याकडच्या पावसाळ्याची कल्पना करा.

शिवाय धाग्यातच उत्तर आहे. नॉर्वेवाल्यांनी वजनासाठी दुसरं रक्त घातलं आणि पस्तावले. भीमथडीत भीमथडीच राहू द्या.

भीमथडीचं तट्टू

बाई, हे मान्य. शांत तट्टू विकायला आणलं तर घेणाऱ्यानं काय बघावं, ते शिकवणारा कुणीतरी सारंगखेड्याला हवा. छत्री घेऊन उभा राहीन म्हणतो.

नालबंद

कोल्हापुरात आमचं तीन पिढ्यांचं नाल ठोकायचं काम. एकच विचारतो. बर्फावर नाल घसरत नाही का?

टांगेवाल्याचा नातू

नालबंददादा, मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून एकदा तबेल्यात मुद्दाम थांबून बघितलं. हिवाळ्याची नाल वेगळी. तिला खालून आटे पाडलेली भोकं असतात आणि त्यांत टोकदार खिळे फिरवून बसवतात. गुळगुळीत बर्फ असेल तेव्हा लांब खिळे, नसेल तर आखूड. दुसरी अडचण मला सुचलीच नव्हती. ओला बर्फ खुराच्या पोकळीत दाबून बसतो आणि गोळा होतो. घोडा चार इंची उंच टाचांच्या चपला घालून चालल्यासारखा डुगडुगतो. म्हणून नाल आणि खूर यांच्यामध्ये रबराची चकती घालतात. पाय टेकला की ती फुगवटा घेऊन बर्फ बाहेर फेकते. तुमच्याकडे चिखलासाठी असं काही करतात का?

उत्तरायणचं म्हणणं मान्य, थंड म्हणजे मंद असं माझ्या लिहिण्यातून वाटलं असेल तर चूक माझी. त्यात दोलेबद्दल लिहायचं राहिलंच. गुडब्रान्सडाल नावाच्या खोऱ्यातला हा घोडा. ऑस्लोकडून पश्चिमेच्या किनाऱ्याकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता त्याच खोऱ्यातून जातो, त्यामुळे ओझी वाहून वाहून जात घडली. १८३४ मध्ये ओदिन नावाचा थरोब्रेड वळू नॉर्वेत आणला आणि दोले घोड्यांत त्याचं रक्त उतरलं. पुढे दोन फाटे फुटले. एक हलका, बाल्डर नावाच्या वळूच्या वाटेनं दुडक्या शर्यतींकडे गेला. दुसरा जड, ब्रिमेन ८२५ च्या वाटेनं शेतात राहिला. म्हणजे यार्व्सोफाक्सच्या ४६ किलोमीटरमागं थोडं गरम रक्तही आहे, उत्तरायण!

नॉर्वेची तिसरी राष्ट्रीय जात नूर्लांड-लिंगेन, पार उत्तरेची, लहानशी. दुसऱ्या महायुद्धानंतर ती जवळजवळ संपलीच होती. एका वळूच्या जिवावर पुन्हा उभी राहिली. त्याचं नाव रिमफाक्से. वरचा खुलासा वाचल्यावर कळलं, हा तर रात्रीचा रथ ओढणारा ह्रिमफाक्सी. जिथं दोन महिने सूर्य उगवत नाही तिथल्या घोड्याला याहून चांगलं नाव कोणतं?

नालबंद

चकतीचं भारी आहे. आमच्याकडं चिखलासाठी काही घालत नाही, पण उसाच्या हंगामात डांबरी रस्त्यावर बैल घसरतो, त्याच्या पत्रीला खाच पाडतो आम्ही. आटेवाला खिळा करून बघतो.

सोनकी

नातू, सगळं झालं, पण मुख्य राहिलं. छत्री उघडून बघितलीत की नाही?

गणित कच्चं

+१. छत्रीशिवाय धागा अपूर्ण.

टांगेवाल्याचा नातू

परवा बघितली. तबेल्याच्या बाईंना आधी विचारून, मुलगी खाली उतरल्यावर. ऑलेसुंडला वारा इतका की इथं छत्री कुणी वापरतच नाही. त्यामुळे घोडीनं जन्मात पाहिली नसणार, म्हणजे परीक्षा चोख. आजोबांसारखं इकडचं तिकडचं बोललो, नॉर्वेजियनमध्ये, आणि फाडकन उघडली.

तबेल्यातलं मांजर पळालं. शेजारची पोरगी किंचाळली. घोडीनं मान लांब केली, छत्री हुंगली, आणि कापडाची कड दातांत धरून सावकाश ओढायला लागली. मी ओढतोय, ती ओढतेय. हिसका अजिबात नाही, उत्तरायण म्हणतात तसं नुसतं अंग टाकून.

दोन काड्या मोडल्या. छत्री परत मिळाली नाही.